हप्ता सरकारचा, डॉक्टर कोणाचा?

राजधानीत आरोग्यविम्याची चर्चा निघाली की ती आकड्यांभोवती फिरू लागते. किती कोटी कार्डे वाटली, किती लाखांचे संरक्षण दिले, किती रुग्णालये संलग्न झाली, याचे तक्ते मंत्रालयांतून बाहेर पडतात आणि त्यांवर राजकीय पक्ष आपापले दावे उभे करतात. या गदारोळात एका वर्गाचे म्हणणे नेहमी एका वाक्यात उरकले जाते. 'डॉक्टरांचा योजनेला विरोध' किंवा 'डॉक्टरांकडून स्वागत' असा मथळा झळकतो आणि विषय संपतो. वस्तुतः या प्रश्नावर डॉक्टर हा एकसंध वर्ग कधीच नव्हता. सरकारी विमा हवा की खासगी, या प्रश्नाचे त्याचे उत्तर विचारसरणीपेक्षा त्याला पैसे कोण देतो, किती दिवसांनी देतो आणि नकार देण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, यांवर अधिक अवलंबून असते.

हे समजून घेण्यासाठी दिल्ली-मुंबईच्या पंचतारांकित रुग्णालयांपेक्षा तमिळनाडूतील एक तालुक्याचे गाव अधिक उपयोगी पडेल. तंजावरच्या दक्षिणेस सुमारे २५ किलोमीटरवर, रामेश्वराच्या जुन्या यात्रामार्गावर वसलेले ओरत्तनाडु हे ते गाव. भोवताली कावेरीच्या कालव्यांवर पिकणारी भातशेती, वस्ती प्रामुख्याने शेतकरी आणि शेतमजुरांची. मराठी वाचकाने या गावाकडे वळावे याला दोन कारणे आहेत. एक ऐतिहासिक आहे, दुसरे अगदी आजचे.

मुक्तांबेचे छत्र

ओरत्तनाडुचे दुसरे नाव मुक्तांबापुरम. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले यांनी आपली प्रिया मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ १८०२ च्या सुमारास येथे छत्र उभारले. तंजावरहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर भोसले राजांची अशी अनेक छत्रे होती. यात्रेकरूंना अन्न आणि निवारा देणे हा त्यांचा मूळ हेतू. पण त्यांचे काम तेवढ्यावर थांबत नव्हते.

१८०१ च्या जानेवारीत सरफोजीराजांनी तंजावरचा इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला लिहिलेले पत्र या संदर्भात आवर्जून पाहण्याजोगे आहे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला होता. राजाकडे किल्ला आणि उत्पन्नाचा एक हिस्सा, एवढेच उरले होते. अशा वेळी छत्रांची व्यवस्था कंपनीने मोडू नये, असे राजाने आग्रहाने मांडले आणि छत्रांत काय चालते याचा तपशील दिला. तेथे जातीचा विचार न करता प्रवाशांना अन्न मिळत असे, अनाथ मुलांच्या शिक्षणाची सोय असे आणि रोग, सूज व सर्पविषावर उपचार करणारे वैद्य नेमलेले असत. आजारी पडलेल्या प्रवाशाला बरा होईपर्यंत औषध व पथ्याचा आहार मिळे. गरोदर स्त्रीच्या बाळंतपणाची जबाबदारीही छत्रच उचलत असे.

आजच्या परिभाषेत सांगायचे, तर ही जमिनीच्या उत्पन्नातून चालणारी, पगारी वैद्याची आणि प्रवाशालाही लागू असलेली सार्वजनिक सेवा होती. वैद्याला प्रत्येक रुग्णामागे बिल करायचे नव्हते आणि रुग्णाला आपली पात्रता सिद्ध करायची नव्हती. अर्थात या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ती हक्क नव्हती, दान होती. राजाश्रयावर ती जगत होती आणि १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुरुष वारसाविना निवर्तल्यावर तंजावरचे राज्यच खालसा झाले. मात्र एक गोष्ट त्या पत्रात स्वच्छ दिसते. उत्पन्नाचा ओघ तुटला तर वैद्य राहणार नाही, हे राजाला पुरते ठाऊक होते. म्हणूनच त्याने छत्रांच्या थोरवीबरोबर त्यांच्या उत्पन्नाचाही आग्रह धरला.

चेन्नईचा प्रयोग

आता दुसरे कारण. सार्वजनिक आरोग्यसेवा आणि आरोग्यविमा यांचा संबंध कसा जोडावा, याचा देशातील सर्वांत बोलका प्रयोग याच राज्यात झाला. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र संचालनालय आहे, १९३९ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आहे आणि १९९४ पासून औषधखरेदीसाठी स्वायत्त महामंडळ आहे. मद्रास इलाख्यापासून चालत आलेल्या या यंत्रणेमुळे तालुका पातळीवर रुग्णालय, त्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्र आणि वर वैद्यकीय महाविद्यालय अशी साखळी बऱ्याच अंशी टिकून राहिली. ओरत्तनाडुच्या रुग्णाला तालुक्यातील सरकारी रुग्णालय आहे आणि त्यापुढे तंजावर वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

या पायावर २००९ च्या जुलैमध्ये करुणानिधी सरकारने 'कलैञर' विमा योजना आणली. वर्षाला ७२ हजार रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या आणि विविध कल्याण मंडळांच्या सदस्य असलेल्या कुटुंबांना चार वर्षांत एक लाख रुपयांपर्यंतच्या शस्त्रक्रियांचे संरक्षण मिळाले. हप्ता सरकारने भरायचा आणि काम स्टार हेल्थ या खासगी कंपनीने करायचे, अशी रचना होती. त्याआधी २००७ मध्ये वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी आंध्रात 'आरोग्यश्री' सुरू करून या प्रकारच्या योजनांचे राजकीय मोल सिद्ध केले होते. सत्तांतर झाल्यावर जयललिता सरकारने जुनी योजना मोडीत काढली आणि ११ जानेवारी २०१२ रोजी 'मुख्यमंत्री सर्वंकष आरोग्य विमा योजना' सुरू केली. यावेळी काम सार्वजनिक क्षेत्रातील युनायटेड इंडिया कंपनीकडे सोपविले गेले. २०१८ मध्ये ती केंद्राच्या 'प्रधानमंत्री जन आरोग्य योजने'शी जोडली गेली आणि संरक्षण पाच लाखांवर गेले.

नावे बदलली, कंपनी बदलली, रकमा वाढल्या. पण डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल निराळाच होता. सरकारी रुग्णालयांनाही या योजनेत संलग्न करून घेतले गेले आणि त्यांनी केलेल्या उपचारांचे पैसे त्यांच्याच खात्यात जमा होऊ लागले. त्या रकमेतून रुग्णालयाची साधनसामग्री घेता येते आणि काही भाग उपचार करणाऱ्या चमूला प्रोत्साहनपर मिळतो. म्हणजे सरकारने हप्त्याच्या रूपाने दिलेल्या पैशाचा एक हिस्सा सरकारच्याच वॉर्डात परतू लागला.

डॉक्टरांचे चार सूर

तरीही तमिळनाडूतील सगळे डॉक्टर या रचनेवर संतुष्ट नाहीत, आणि त्यांच्या असंतोषाची कारणे परस्परविरोधी आहेत.

पहिला सूर तत्त्वाचा. 'सामाजिक समतेसाठी डॉक्टर संघटना' यांसारख्या गटांचे म्हणणे असे की, हप्त्यावर खर्च होणारा पैसा थेट सरकारी रुग्णालयांना दिला तर मधला दलालच लागणार नाही. हे मत केवळ डाव्या चळवळीचे नाही. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली नियोजन आयोगाने नेमलेल्या उच्चस्तरीय तज्ज्ञगटाने २०११ च्या अहवालात जवळपास हाच निष्कर्ष काढला. सर्वांसाठी आरोग्यसेवेचा पैसा मुख्यतः सर्वसाधारण करांतून यावा आणि सरकारच्या वतीने सेवा विकत घेण्याचे काम विमा कंपन्यांकडे देऊ नये, अशी त्या गटाची शिफारस होती.

दुसरा सूर जिल्ह्यातील छोट्या शुश्रूषागृहाच्या मालक-डॉक्टरचा. त्याला विमा तत्त्वतः मान्य आहे; किंबहुना गरीब रुग्ण पैसे घेऊन येणार असेल तर हवाच आहे. त्याची तक्रार दरांची आणि थकबाकीची आहे. २०१८ मध्ये 'जन आरोग्य योजने'चे पॅकेजदर जाहीर झाले तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने ते परवडणारे नाहीत असे सांगितले. वीस-तीस खाटांच्या रुग्णालयाला दाव्याचे पैसे महिनोन् महिने मिळाले नाहीत तर परिचारिकांचा पगार थकतो. मोठ्या साखळी रुग्णालयाला तो ताण सोसता येतो. परिणामी गरिबांसाठी म्हणून आलेली योजना मोठ्यांच्या पथ्यावर पडते आणि तालुक्यातला डॉक्टर बाहेर फेकला जातो.

तिसरा सूर कॉर्पोरेट रुग्णालयातील विशेषज्ञाचा. सरकारी योजनेपेक्षा त्याचा झगडा खासगी विमा कंपनीशी आहे. कोणती तपासणी 'आवश्यक' होती, रुग्णाला एक दिवस आधी का दाखल केले, हे प्रश्न त्याला टीपीएच्या कार्यालयातून विचारले जातात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये खासगी रुग्णालयांच्या एका मोठ्या संघटनेने काही विमा कंपन्यांच्या ग्राहकांची कॅशलेस सेवा बंद करण्याचा इशारा दिला, तो याच संघर्षातून. दोन्ही बाजू रुग्णहिताची भाषा बोलत होत्या. प्रत्यक्षात वाद दरांचा होता.

चौथा सूर सरकारी सेवेतील डॉक्टरचा. तो सार्वजनिक व्यवस्थेचा स्वाभाविक पाठीराखा असायला हवा. पण २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तमिळनाडूतील हजारो सरकारी डॉक्टर वेतनश्रेणीच्या मागणीसाठी संपावर गेले. पदव्युत्तर शिक्षणात सेवेतील डॉक्टरांसाठी राखीव जागा हे ग्रामीण भागात राहण्याचे त्यांचे मोठे आकर्षण होते. त्या अधिकारावर गंडांतर आले आणि राज्यांना असे आरक्षण ठेवता येते असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला तेव्हाच तो टिकला. विम्याचे कार्ड कोणाच्या खिशात आहे यापेक्षा ओरत्तनाडुसारख्या ठिकाणी भूलतज्ज्ञ राहणार की नाही, हे अशा निर्णयांनी ठरते.

नकाराचा नफा

सार्वजनिक आणि खासगी विमा यांतील खरा फरक कोठे आहे, हे विमा नियामकाच्या आकडेवारीत दिसते. २०२३-२४ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांनी आरोग्यविम्याच्या प्रत्येक शंभर रुपये हप्त्यामागे शंभराहून अधिक रुपये दाव्यांपोटी दिले. केवळ आरोग्यविमा विकणाऱ्या खासगी कंपन्यांमध्ये हे प्रमाण सुमारे पासष्ट रुपये होते. उरलेले वितरण, कमिशन, प्रशासन आणि नफा यांत गेले. सार्वजनिक कंपन्यांचा आकडाही सर्वस्वी अभिमानाचा नाही. मोठे गटविमे कमी हप्त्यात घेण्याच्या स्पर्धेने त्यांना तोट्यात लोटले आहे. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्या व्यवस्थेत दावा नाकारला की शिल्लक वाढते, त्या व्यवस्थेत डॉक्टरचा निर्णय आणि हिशेबनिसाचा निर्णय कायम एकमेकांसमोर उभे राहणार.

याची दुसरी बाजूही डॉक्टरांनीच मांडली आहे. लासलगावला अनेक वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेले डॉ. अरुण गद्रे आणि पुण्याचे डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन खासगी वैद्यकव्यवसायातील अनावश्यक तपासण्या, शस्त्रक्रिया आणि कमिशनची साखळी उघड केली. हे म्हणणे व्यवसायाच्या आतून आले, म्हणून त्याचे वजन वेगळे. प्रत्येक शस्त्रक्रियेमागे पैसे मिळत असतील तर शस्त्रक्रिया वाढतात, मग ते पैसे रुग्ण देवो, कंपनी देवो की सरकार. विमा आला म्हणून हा मोह संपत नाही. देखरेख नसेल तर त्याला हमीचा ग्राहक मिळतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये महालेखापरीक्षकांनी 'जन आरोग्य योजने'च्या नोंदींत एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले सुमारे साडेसात लाख लाभार्थी दाखवून दिले. देखरेख किती कच्ची आहे, याची ती खूण होती.

विरोधाचा इतिहास

डॉक्टरांच्या विरोधाचा धसका घेणाऱ्या राज्यकर्त्यांनी परदेशांचा इतिहास पाहावा. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. त्याच वर्षाच्या प्रारंभी तेथील वैद्यक संघटनेच्या मतदानात सुमारे नव्वद टक्के डॉक्टर तिच्या विरोधात होते. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात १९६२ च्या जुलैमध्ये सरकारी विम्याविरुद्ध डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. कालांतराने दोन्हीकडचे डॉक्टर त्याच व्यवस्थांचे रक्षक बनले. अमेरिकेत १९६५ च्या 'मेडिकेअर'ला तेथील वैद्यक संघटनेने कडाडून विरोध केला होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मात्र तेथील ५९ टक्के डॉक्टरांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याच्या कायद्याला अनुकूलता दाखवली. २००२ मध्ये हे प्रमाण ४९ टक्के होते. पुढच्या वर्षी ओबामांच्या सुधारणेवर चर्चा चालू असताना झालेल्या पाहणीत सुमारे ६३ टक्के डॉक्टरांनी सार्वजनिक आणि खासगी असे दोन्ही पर्याय हवेत असे सांगितले.

आपल्याकडे २०२३ च्या मार्चमध्ये राजस्थानने आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. आणीबाणीच्या उपचारांचे पैसे कोण आणि केव्हा देणार, हे स्पष्ट नाही, ही त्यांची मुख्य हरकत होती. ती केवळ स्वार्थाची म्हणून झटकता येत नाही. ब्रिटन आणि कॅनडात विरोध मावळला तो पैशांची हमी मिळाल्यानंतर. उपदेशाने तो मावळला नाही.

महाराष्ट्राने काय घेतले?

या कसोटीवर महाराष्ट्राचे चित्र अस्वस्थ करणारे आहे. १९९७ ची जीवनदायी योजना, २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर गेलेली राजीव गांधी जीवनदायी योजना, २०१७ मध्ये तिचे झालेले महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नामांतर, अशी ही वाटचाल. २८ जून २०२३ रोजी मंत्रिमंडळाने ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. कागदावर यापेक्षा उदार निर्णय कोणता असेल?

त्यानंतर तीन महिन्यांतच, ऑक्टोबरच्या आरंभी, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचे मृत्यू झाले. औषधटंचाईचा आरोप झाला, सरकारने तो नाकारला. कारणांबद्दल वाद असू शकेल. पण औषधखरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापण्याचा कायदा महाराष्ट्राने २०२३ मध्ये केला, तमिळनाडूत ते काम १९९४ मध्येच झाले होते, हे कालांतर पुरेसे बोलके आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार तमिळनाडूतील सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांत कोणाला तरी आरोग्यविमा होता. महाराष्ट्रात हे प्रमाण जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या आसपास होते. म्हणजे विम्यावर भिस्त ठेवूनही विम्यातही आपण मागे राहिलो.

फरक क्रमाचा आहे. तमिळनाडूने आधी रुग्णालये, औषधे आणि डॉक्टरांची सेवाश्रेणी उभी केली आणि मग त्यावर विमा ठेवला. महाराष्ट्राने पाया खचत असताना वर विम्याचा मजला चढविला. पहिल्या रचनेत हप्ता सरकारी रुग्णालयाला बळ देतो. दुसऱ्या रचनेत तोच हप्ता रुग्णासह शहरातल्या खासगी रुग्णालयात निघून जातो. कार्ड दोन्हीकडे सारखेच दिसते.

शिवाय कार्डाने न सुटणारा मोठा खर्च वेगळाच राहतो. या योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. मधुमेह, रक्तदाब, ताप, दम यांच्या औषधांचा रोजचा खर्च त्यात येत नाही, आणि कुटुंबाच्या खिशाला लागलेली गळती तर तिथेच आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के वाटा लोकांनी स्वतःच्या खिशातून उचलला. २०१३-१४ च्या ६४ टक्क्यांच्या तुलनेत ही घट मोठी आहे. पण सरकारी खर्च अद्याप राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्क्यांवरच होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते.

अधिकाऱ्यांचा आणि स्थलांतरितांचा प्रश्न

दिल्लीतील मराठी समाजात या प्रश्नाची दोन टोके एकत्र नांदतात. केंद्रीय अधिकाऱ्याला १९५४ पासून चालत आलेली सीजीएचएस आहे. तिच्यात सरकारी दवाखाना आणि संलग्न खासगी रुग्णालय दोन्ही आहेत. मात्र तिचे उपचारदर दीर्घकाळ जुनेच राहिले आणि २०२५ च्या ऑक्टोबरात त्यांची व्यापक फेररचना झाली. दर गोठले की रुग्णालये कॅशलेस नाकारतात, हा अनुभव सेवानिवृत्तांना पाठ आहे. दुसऱ्या टोकाला कंत्राटी कामगार, सोन्याची गलाई करणारा कारागीर, घरकाम करणारी बाई. त्यांच्या हातातील राज्याच्या योजनेचे कार्ड राज्याची सीमा ओलांडताच बहुधा निरुपयोगी ठरते. केंद्राचे कार्ड देशभर चालते, परंतु दिल्ली त्या योजनेत सामील झाली ती २०२५ च्या एप्रिलमध्ये. दोनशे वर्षांपूर्वी छत्रातला वैद्य प्रवाशाला तो कोणत्या गावचा म्हणून विचारत नव्हता, ही आठवण या ठिकाणी बोचते.

सुधारणेची दिशा म्हणून सार्वजनिक की खासगी असा एकच प्रश्न विचारणे अपुरे आहे. योजनेचा करार लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने तीन गोष्टी आधी लिहून घ्याव्यात. हप्त्यातील किती पैसा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात परतणार. खासगी डॉक्टरचे पैसे किती दिवसांत मिळणार आणि विलंब झाल्यास व्याज कोण देणार. आणि दावा नाकारण्याचा निर्णय ज्याचा त्यात लाभ आहे त्याच्याकडे न ठेवता कोणत्या स्वतंत्र वैद्यकीय मंडळाकडे राहणार. या तिन्हींची समाधानकारक उत्तरे असतील तर विमा कंपनी सरकारी की खासगी हा वाद बराचसा दुय्यम ठरेल. उत्तरे नसतील तर सरकारी शिक्काही रुग्णाला वाचवणार नाही.

डॉक्टरांच्या चार सुरांतून ऐकू येणारी समान मागणीही हीच आहे. कोणाला दर हवा आहे, कोणाला वेतन, कोणाला निर्णयाचे स्वातंत्र्य, तर कोणाला मधला दलाल नको आहे. सर्वांच्या मुळाशी पैसा निश्चित असावा आणि तो रुग्णाच्या जवळ पोचावा, एवढीच अपेक्षा आहे. राज्य हातचे गेलेल्या राजाला छत्राच्या उत्पन्नासाठी कंपनीकडे शब्द टाकावा लागला होता. आजच्या राज्यकर्त्यांच्या हाती तिजोरीही आहे आणि अधिकारही. ओरत्तनाडुच्या रुग्णालयात डॉक्टर टिकला आणि नांदेडच्या रुग्णालयात औषध पोचले, तरच कार्डावरील पाच लाखांच्या आकड्याला अर्थ येईल.